दोन जुन्या कॉम्प्युटरांत एक नेट: दुरुस्तीला बसण्याआधीची तयारी

मराठी डीटीपीच्या (कॉम्प्युटरवर पानं लावण्याच्या) कामात विंडोज एक्सपीचं मशीन अजून टिकून आहे, आणि ते हौसेनं नाही. पानं लावायचं पेजमेकर, मराठी टायपिंगच्या श्री-लिपीची जुनी आवृत्ती, तिचं लॉक (ती चालायला मशीनला लावावी लागणारी चावी) आणि कित्येक दिवाळी अंकांच्या फाइली असा सगळा संसार त्या एकाच हार्ड डिस्कवर असतो. तो नव्या विंडोजवर हलवायचा म्हटलं की कधी लॉक ओळखलं जात नाही, कधी फॉन्टचा घोळ होतो. म्हणून शेजारी विंडोज ७ चं दुसरं मशीन, त्याला यूएसबीनं जोडलेला मोबाइल आणि दोन मशीनांमध्ये एक केबल अशी जोडणी होते. विंडोज ७ मोबाइलकडून नेट घेतं आणि एक्सपीला देतं. ही वाटणी, म्हणजे इंटरनेट शेअरिंग, बंद पडली की दुरुस्तीला बसण्याआधी काय काय हाताशी असावं, त्याची ही यादी.

घरी चार पोर्टचा राउटर पडून असेल आणि नेट मोबाइलवरून नव्हे तर तारेनं येत असेल, तर निम्मी यादी सोडून द्या. दोन्ही मशीनं राउटरला लावा, शेअरिंग बंद करा आणि चहा प्या. शेअरिंगची खटपट खरी लागते ती नेट एकाच मशीनमध्ये शिरत असेल तेव्हा.

पहिली गोष्ट म्हणजे कागद. दोन्ही मशीनांचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड त्यावर लिहून ठेवा, कारण एक्सपीवर तो कुणी, कधी घातला होता हे ऐन वेळी घरात कुणालाच आठवत नाही. ब्रॉडबँड डायल करावं लागत असेल तर त्याचं युजरनेम आणि पासवर्डही लिहा. मग दोन्ही मशीनांवर काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’ (ipconfig /all) चालवा आणि आत्ताचे आकडे आहेत तसे उतरवून घ्या, चुकीचे दिसले तरी. काहीही बदलण्याआधीची ही नोंद नसेल, तर तासाभरानं मूळ बिघाड कुठला आणि आपण केलेला कुठला हे ओळखता येत नाही.

केबलच्या बाबतीत घाई करू नये. दोन्ही मशीनांत १०/१०० ची जुनी कार्डं असतील, उदाहरणार्थ रिअलटेक ८१३९, तर मधली केबल क्रॉस हवी. राउटरबरोबर येते ती सरळ केबल इथे चालत नाही. दोन्ही टोकांचे जॅक एकाच दिशेनं शेजारी शेजारी धरून रंग पाहा. केशरी आणि हिरव्या जोड्यांची जागा एका टोकाला बदललेली दिसली तर केबल क्रॉस, दोन्हीकडे रंगांचा क्रम सारखाच असेल तर सरळ. एका मशीनमध्ये जरी गिगाबिट कार्ड असलं तरी ते बहुतेक वेळा स्वतःच जुळवून घेतं आणि सरळ केबलही चालून जाते. म्हणूनच ‘पूर्वी हीच केबल चालत होती’ हे वाक्य ऐकलं की आधी विचारायचं, मधे कार्ड किंवा मदरबोर्ड बदलला होता का? एक नवी केबल आणून ठेवा. जुन्या केबलच्या जॅकची प्लास्टिकची पट्टी तुटलेली असते, सीपीयू जरा सरकला की जॅक अर्धा बाहेर येतो. टॉर्च लागतोच, कारण पोर्टजवळचा दिवा मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून असतो. केबल लावल्यावर तो दिवा दोन्ही मशीनांवर लागला नाही, तर पुढच्या एकाही सेटिंगला हात लावू नका.

पेन ड्राइव्ह शक्यतो छोटा घ्या, ८ किंवा १६ जीबीचा, आणि तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. मोठे पेन ड्राइव्ह दुकानातून बहुधा एक्सफॅटमध्ये येतात आणि साधा एक्सपी, वेगळा अपडेट घातलेला नसेल तर, ते वाचत नाही. मोबाइल थेट एक्सपीला लावून फाइल टाकू म्हणाल, तर त्यालाही विंडोज मीडिया प्लेयरची नवी आवृत्ती लागते. पेन ड्राइव्हमध्ये दोन्ही मशीनांच्या नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर हवेत. एक्सपीच्या सीडीत जुन्या कार्डांचे ड्रायव्हर असतात, मदरबोर्डवरच्या गिगाबिट कार्डाचे बहुधा नसतात, आणि नेट बंद असताना नेटवरून ड्रायव्हर आणायचा कसा? सोबत फायरफॉक्स ५२ ची एक्सटेंडेड सपोर्ट आवृत्तीही ठेवा. एक्सपीवर चालणारी फायरफॉक्सची ही शेवटची मालिका. ती का लागते ते पुढे येईल.

आता विंडोज ७ च्या मशीनकडे. एक्सपीकडे वळण्याआधी यावर नेट एकट्यानं, नीट चाललं पाहिजे. बघायला सोपं आहे, पण बरेच लोक इथेच घसरतात: एक्सपीसमोर बसून झगडत राहतात आणि मोबाइलचा डेटा संपलेला असतो. यूएसबी काढून परत लावली की मोबाइलवरचं टेदरिंग (यूएसबीवरून नेट देणं) बंद होतं, ते दर वेळी हातानं चालू करावं लागतं. आणि मोबाइल नेहमी एकाच यूएसबी पोर्टला लावा. पोर्ट बदललं की विंडोज अनेकदा त्याला नवं कनेक्शन समजतं, ‘लोकल एरिया कनेक्शन ४’ वगैरे नाव देतं, आणि शेअरिंगची खूण आधीच्या, आता मेलेल्या कनेक्शनवरच राहते. त्या पोर्टवर रंगीत स्टिकर लावून टाका, तेही तयारीतच धरा. शेअरिंगची खूण मोबाइलच्या कनेक्शनवर असायला हवी, केबलच्या कार्डावर नव्हे. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंगच्या टॅबवर ती दिसते. शंका असेल तर खूण काढा, ओके करा, पुन्हा लावा. दोन्ही कनेक्शनं निवडून ब्रिज करण्याचा पर्याय समोर दिसेल, त्याच्या वाटेला जाऊ नका. पॉवर ऑप्शनमध्ये स्लीपही बंद करा, नाहीतर हे मशीन झोपलं की एक्सपीचं नेट गेलंच.

आकड्यांसाठी कागदावर वेगळी जागा सोडा. विंडोज ७ शेअरिंग चालू करताना केबलच्या कार्डाला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता देतं. एक्सपीचा पत्ता १९२.१६८.१३७ नंच सुरू व्हायला हवा आणि त्याचा गेटवे (नेटकडे जाणारं दार) १९२.१६८.१३७.१ दिसायला हवा. तिथे १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसला, म्हणजे एक्सपीनं पत्ता मागितला आणि कुणी दिला नाही. तेव्हा केबल, शेअरिंगची खूण किंवा फायरवॉल (नेटवर्कवरून येणारं अडवणारा पहारेकरी प्रोग्राम) यांतलं काहीतरी. १९२.१६८.० नं सुरू होणारा पत्ता दिसला, तर कारण बहुधा इतिहासात आहे. पूर्वी नेट देणारं मशीनही एक्सपीच होतं, आणि एक्सपी शेअरिंग करताना स्वतःला १९२.१६८.०.१ घेतं. त्या काळात कुणीतरी पत्ता हातानं भरून ठेवला आणि तो तसाच राहिला. टीसीपी/आयपीच्या खिडकीत पत्ता आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) दोन्ही आपोआप घेण्यावर टाका, मग ‘आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू’ (ipconfig /renew).

पिंगबद्दल, म्हणजे दुसऱ्या मशीनला हाक मारून उत्तर येतं का हे पाहण्याबद्दल, एक इशारा. एक्सपीवरून १९२.१६८.१३७.१ ला पिंग केल्यावर उत्तर आलं नाही, तर लगेच केबलला दोष देऊ नका. विंडोज ७ ची फायरवॉल फाइल शेअरिंग चालू नसेल तर पिंग गिळून टाकते, आणि नेट मात्र व्यवस्थित चालू असू शकतं. पिंगनंतर ‘एआरपी -ए’ (arp -a) चालवा. त्यात १३७.१ समोर कार्डाचा बारा अक्षरी पत्ता दिसला, तर केबलवरून दोन्ही मशीनं एकमेकांना ओळखतायत. मग ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या डीएनएस सर्व्हरला, पिंग करा. तिथून उत्तर येतंय पण साइटचं नाव टाकल्यावर काही उघडत नाही, तर अडचण नावं शोधण्यात आहे; तात्पुरता डीएनएस म्हणून ८.८.८.८ हातानं भरून पाहा. कुणी जास्तीचा अँटिव्हायरस त्याच्या फायरवॉलसकट घातला असेल तर तो कसा थांबवायचा हेही आधीच पाहून ठेवा.

एवढं करूनही एक्सपीवर ‘पेज दिसत नाही’ येतं, तेव्हा बरेचदा कनेक्शन चालू झालेलं असतं आणि रुसलेला असतो ब्राउझर. घड्याळ आधी पाहा. मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि ब्राउझर सुरक्षित साइटींची प्रमाणपत्रं नाकारतो. सीआर२०३२ हा सेल गल्लीतल्या घड्याळवाल्याकडेही मिळतो, एक आणून ठेवा. दुसरं, एक्सपीच्या इंटरनेट एक्सप्लोररला आजच्या साइटींची कूटभाषाच येत नाही. त्यासाठी तो फायरफॉक्स, त्याची प्रमाणपत्रं त्याच्याजवळच असतात. तरीही काही साइट उघडणार नाहीत, ते मान्य करून टाका. इंटरनेट ऑप्शन्सच्या कनेक्शन्स टॅबवर ‘नेव्हर डायल’ निवडलेलं हवं आणि प्रॉक्सीची खूण काढलेली. डायलअपच्या काळातल्या या खुणा कुणी पुसलेल्या नसतात.

शेवटी वेळ. दुरुस्ती अंक प्रेसला जाण्याच्या संध्याकाळी काढू नका, आणि त्या संध्याकाळी काढावीच लागली तर पीडीएफ पेन ड्राइव्हवर घालून आधी प्रेसला पाठवा. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. त्यामुळे एक्सपीवरून बँक, मेल यांच्या भानगडीत पडू नये. खरं तर एक्सपीला नेट लागतंच का, हेही त्या कागदावर लिहून पाहा. बऱ्याच घरांत उत्तर ‘फक्त फाइल पाठवायला’ असं निघतं. तसं असेल तर त्याच केबलवरून एक शेअर केलेलं फोल्डर पुरतं, आणि मेल विंडोज ७ वरून करता येतो, तोही विंडोज ७ वर चालणाऱ्यांतला सगळ्यात नवा ब्राउझर घालून. शेअरिंग चालू झालंच, तर दोन्ही मशीनांचं ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’ पुन्हा उतरवून कागद एक्सपीच्या सीपीयूच्या झाकणाला आतून चिकटवा.