आईची ट्रंक मामाकडे राहिली असेल तर

आई शेवटची दीड वर्षं मिरजेला मामाकडे होती. ती गेली आणि तिची लोखंडी ट्रंक तिथेच राहिली. तेराव्याला पंगत उठत असतानाच मी मामींना म्हटलं, "आईचं सगळं सामान घेऊन जाते." मामींचा चेहरा उतरला. दीड वर्ष तिचं सगळं त्यांनीच केलं होतं. पुढे चार महिने आमचं बोलणं बंद होतं. तेव्हा पहिलं सांगणं हेच, की दिवसकार्यात हा विषय काढू नका.

आधी भावंडांचं एकमत करा. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे आईच्या वस्तूंवर पहिला हक्क तिचे मुलगे, मुली आणि नवऱ्याचा; ते असताना मामाला वारसा येत नाही. आमचे बाबा आधीच गेलेले, म्हणजे दादा आणि मी. आईने हयातीत स्वतःच्या हाताने कोणाला काही दिलं असेल, तर ते मात्र त्यांचंच.

मग नेमकी यादी करा. 'सामान' म्हणू नका. माझ्या यादीत तीनच गोष्टी होत्या: बाबांचं घड्याळ, ओव्यांची वही आणि गोधडी. गोधडी आजीच्या हिरव्या लुगड्याची, कोपऱ्यात खणाचा चौकोनी तुकडा, आणि पांढरा दोरा संपला म्हणून आईने लाल दोऱ्याने पुरे केलेले टाके. जुन्या फोटोत ती वस्तू दिसत असेल तर फोटो जपून ठेवा. सोनं या यादीत घालू नका. सोन्याचं नाव निघालं की हिशेब सुरू होतो आणि गोधडी मागे पडते.

मी मामींना लिहिलं: "मामी, तुम्ही आईचं केलंत ते आम्ही विसरणार नाही. या तीन वस्तू मला हव्या आहेत. बाकीचं तुम्ही ठरवाल तसं. दिवाळीआधी एखाद्या रविवारी मावशीला घेऊन येऊ का?" मावशी मुद्दाम. तिचा शब्द दोन्हीकडे चालतो.

इतकं करूनही नकारच आला, तर तालुका विधी सेवा समितीत जा. दावा लावण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, त्याला कोर्ट फी नाही. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो, हेल्पलाइन १५१००. दावा करावाच लागला तर पैशांत भरपाई होणार नाही अशी वस्तू, तीच वस्तू, परत मागता येते. विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, १९६३ मध्ये तशी तरतूद आहे. पण अशा दाव्याला साधारण तीन वर्षांचीच मुदत असते, म्हणून वर्षानुवर्षं गप्प बसू नका. आणि वस्तू आणायला जाल त्या दिवशी कोणी हक्कसोडपत्र पुढे केलं, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

आमच्यावर ती वेळ आली नाही. मामींनी गोधडी उन्हं दाखवून घडी घालून ठेवली होती. घड्याळही दिलं. वहीपाशी मात्र अडल्या. आई त्यांना रोज संध्याकाळी त्यातल्या ओव्या म्हणून दाखवायची, हे मला माहीतच नव्हतं. मी स्टँडजवळ जाऊन सगळ्या पानांची झेरॉक्स काढून आणली, हळदीचं बोट उमटलेल्या पानाचीसुद्धा. मामींनी झेरॉक्स ठेवून घेतली आणि वही माझ्या हातात दिली.