थंडी जाता जाता टाचांना मुठेल लावा

संक्रांत झाली की दुपारी पंखा लावावासा वाटतो पण नाशिक-निफाडकडे फेब्रुवारीतही पहाटे हुडहुडी भरतेच, आणि असल्या हवेत टाचा जाम फुटतात. महागडं क्रीम राहू द्या, कोकमच्या बियांचं तेल आणा, कोकणात त्याला मुठेल किंवा भिरंडेल म्हणतात, पांढरट गोळा मिळतो आणि थंडीत तो एकदम घट्ट असतो त्यामुळे डायरेक्ट चोळत बसू नका, सुरीने थोडं खरवडून पळीत घ्या, गॅसवर धरलं की लगेच वितळतं. रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, कोरडे पुसा, मग तेल सोसेल इतपत गरम असतानाच भेगांत भरा आणि वर जुने सुती मोजे घाला, नाहीतर चादरीला डाग पडतात आणि फरशीवर पाय घसरतो ते वेगळंच. उरलेलं ओठांना लावा. डायबेटिस असेल किंवा भेगेतून रक्त येत असेल तर मात्र आधी डॉक्टर.

आणि हो, पांघरुणं गच्चीत उन्हात टाकत असाल तर ऊन उतरायच्या आत घड्या घालून आणा, संध्याकाळी आणली तर गारच. जेवायला सोलाण्याची आमटी, ओला हरभरा बाजारात आहे तोवर.