घोड्याच्या ठाणात काय अंथरावे: कमी खर्चात कोरडे राहणारे अंथरूण कसे निवडावे

तबेल्यातल्या अंथरुणावरचा खर्च पोत्याच्या भावावरून ठरवण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे आणि खर्च वाढतो तो नेमका याच सवयीमुळे. अंथरुणाची खरी किंमत विकत घेताना नव्हे, तर रोज सकाळी ओले झालेले अंथरूण घमेल्यात भरून बाहेर टाकताना कळते. जे साहित्य लघवी पडल्या जागीच धरून ठेवते, त्यातले थोडेसेच रोज फेकावे लागते. जे धरत नाही, त्यातून ओल सगळ्या ठाणभर पसरते आणि स्वस्तात आणलेले निम्मे अंथरूण दोन दिवसांत उकिरड्यावर जाते. म्हणून साहित्य निवडताना ‘पोते कितीला’ याऐवजी ‘एक लिटर ओल धरायला किती रुपये लागतात’ असे विचारावे.

साडेचारशे किलो वजनाचा घोडा दिवसाला साधारण ८ ते १० लिटर लघवी करतो आणि सुमारे १४ किलो लीद टाकतो. माथेरान-महाबळेश्वरची सवारीची घोडी किंवा लग्नाच्या वरातीतली लहान चणीची जनावरे यांचे प्रमाण वजनानुसार कमी धरावे. लीद फावड्याने किंवा पंजाने उचलता येते, त्यामुळे तिची फारशी अडचण नसते. खरा प्रश्न लघवीचा आहे. लघवीतला युरिया लिदेतल्या जिवाणूंच्या संपर्कात आला की त्याचा अमोनिया होतो. तो डोळ्यांना झोंबतो, श्वासनलिकेचा दाह करतो आणि घोड्याला दम्यासारखा खोकला लावू शकतो. सतत ओल्यात उभे राहिल्याने खुराच्या तळाचा मऊ त्रिकोणी भाग सडतो आणि त्यातून काळा, दुर्गंधी स्राव येऊ लागतो. नालबंदाने खूर तासताना ही तक्रार दोनदा सांगितली, तर औषध शोधण्याआधी अंथरूण तपासावे.

आधी जमीन पाहावी

साहित्याचा विचार करण्यापूर्वी ठाणाची जमीन पाहणे आवश्यक आहे, कारण खोलगट जमिनीवर कितीही चांगले अंथरूण घातले तरी ते तळाशी कुजतेच. ठोकून बसवलेला मुरूम घोड्याच्या पायांना मऊ असतो आणि थोडी ओल जिरवतो, परंतु लघवीच्या जागी वर्ष-सहा महिन्यांत खड्डा पडतो आणि तो उकरून पुन्हा भरावा लागतो. शहाबादी फरशी घसरडी असते. सिमेंटचा कोबा टिकाऊ असला तरी कठीण आणि थंड असतो, म्हणून त्यावर जाड थर लागतो. फरशी असो वा कोबा, दर मीटरला दीड-दोन सेंटिमीटर उतार आणि त्या उताराच्या टोकाला उघडी नाली असावी. रबरी मॅट एकदाच घ्यावी लागते आणि तिच्यामुळे वरचा थर निम्म्यावर आणता येतो. मात्र मॅटच्या सांध्यांतून लघवी खाली जाऊन साचते, म्हणून मॅट अधूनमधून उचलून खालची जमीन धुऊन वाळवण्याची तयारी असेल तरच ती घ्यावी.

घरच्या घरी करायची परीक्षा

कोणत्याही विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्याऐवजी एक साधी परीक्षा करावी. प्रत्येक साहित्य उन्हात चांगले वाळवून बरोबर एक किलो घ्यावे, विरळ विणीच्या गोणपाटात सैलसर बांधावे आणि रात्रभर पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून ठेवावे. सकाळी गोणपाट न पिळता खुंटीला टांगावे, पाणी ठिबकणे थांबेपर्यंत तासभर वाट पाहावी आणि मग वजन करावे. तसेच रिकामे गोणपाट भिजवून त्याचे वजन वजा करावे. उरलेल्या वजनातून सुरुवातीचा एक किलो काढला की एक किलो साहित्य किती लिटर पाणी धरते ते कळते. गव्हाचे काड साधारण दोन लिटर, मऊ लाकडाचा कोरडा भुसा अडीच लिटर आणि नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, सात लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी धरते. आपल्या हाती आलेला माल याहून बराच कमी भरला, तर तो आधीच दमट आहे किंवा त्यात भेसळ आहे असे समजावे.

आता भाव लावून पाहू. पुढचे भाव केवळ हिशेब समजण्यापुरते धरले आहेत. त्यांच्या जागी आपल्या गावचे भाव घालावेत. काड ५ रुपये किलो, लाकडी भुसा ८ रुपये आणि कोकोपीट २० रुपये किलो असेल, तर एक लिटर ओल धरण्याचा खर्च काडाला अडीच रुपये, कोकोपीटला सुमारे २ रुपये ८६ पैसे आणि भुशाला ३ रुपये २० पैसे येतो. म्हणजे चौपट महाग दिसणारे कोकोपीट प्रत्यक्षात काडाच्या अगदी जवळ आले. हाच तबेला माथेरानला असेल, तर चित्र पूर्ण पालटते. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारींना बंदी असल्याने प्रत्येक पोते घोड्याच्या पाठीवरून किंवा हातगाडीने न्यावे लागते. ही वाहतूक किलोमागे ६ रुपये धरली, तर काड साडेपाच रुपयांवर, भुसा ५ रुपये ६० पैशांवर आणि कोकोपीट केवळ ३ रुपये ७१ पैशांवर येते. जिथे वाहतूक महाग, तिथे कमी वजनात जास्त ओल धरणारे साहित्य घ्यावे. जिथे शेत तबेल्याला लागून आहे, तिथे काडाला तोड नाही.

कोणते साहित्य कसे वागते

गव्हाचे काड हे घोड्यासाठी जुने आणि विश्वासाचे अंथरूण आहे. ते उबदार असते, घोडा त्यावर आनंदाने लोळतो आणि त्याचे खत शेतकरी आवडीने नेतात. मळणी यंत्रातून निघालेला बारीक भुस्सा मात्र अंथरुणाला घेऊ नये. त्यात धूळ फार असते आणि तो जनावरांचा चारा म्हणून अधिक मोलाचा असतो. ज्वारीच्या कडब्यालाही हेच लागू आहे. कडबा अंथरणे म्हणजे चारा तुडवणे होय.

कोकणात, मावळात आणि पूर्व विदर्भात भाताचा पेंढा सहज मिळतो. तो मऊ असतो, पण दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. पहिली म्हणजे, घोडा पेंढा भरपूर खाऊ लागला तर त्या चिवट तंतूंमुळे आतड्यात गोळा अडकून पोटशूळ होण्याचा धोका असतो. खादाड घोड्याला आधी पुरेसे गवत घालावे आणि मगच ताज्या पेंढ्यावर सोडावे. दुसरी आणि अधिक गंभीर गोष्ट बुरशीची. परतीच्या पावसात भिजलेला पेंढा वरून पिवळाधमक दिसला तरी भाऱ्याच्या आत काळपट-पांढरा पडलेला असतो. भारा घेताना मधोमध उघडावा, मूठभर पेंढा नाकाशी न नेता हातभर अंतरावर झटकावा आणि करडी भुकटी उडाली किंवा कुबट वास आला, तर फुकट मिळाला तरी नाकारावा. बुरशीचे बीजकण घोड्याच्या फुप्फुसात गेले की जडणारा खोकला जन्मभर पुरतो.

लाकडाचा भुसा आणि रंध्याची साल वखारीत किंवा सुतारकामाच्या कारखान्यात मिळते. ओल धरण्यात भुसा सरस, तर धूळ कमी असण्यात साल सरस. नुकत्याच कापलेल्या ओंडक्याच्या भुशात निम्मे वजन पाण्याचेच असू शकते. तो मुठीत आवळल्यावर ढेकूळ तसेच राहिले, तर आपण पाणी विकत घेत आहोत हे ओळखावे. घोड्यांसाठी पाइनसारखे मऊ लाकूड सर्वांत चांगले. चाकण-भोसरी पट्ट्यात पॅकिंगच्या पेट्या बनवणाऱ्या कारखान्यांकडे ते मिळते. तिथून माल घेताना लाकूड केवळ उष्णतेची प्रक्रिया केलेले आहे ना, म्हणजे पेटीवर ‘एचटी’ असा शिक्का आहे ना, हे पाहावे आणि दोरीला बांधलेले मोठे लोहचुंबक भुशाच्या ढिगातून दोन-तीनदा ओढावे. चुंबकाला चिकटून येणारे खिळे आणि स्टेपलच्या पिना पाहिल्यावर ही तसदी किती आवश्यक आहे ते पटते. त्यातला एक खिळा खुरात शिरला, तर धनुर्वाताचा धोका घोड्याला इतर जनावरांपेक्षा अधिक असतो.

फर्निचरच्या कारखान्यातला मिश्र भुसा कितीही स्वस्त असला तरी आणू नये, हे मी आग्रहाने सांगतो. त्यात प्लायवूड आणि एमडीएफचा सरस, पॉलिश आणि वाळवीप्रतिबंधक औषधे मिसळलेली असतात. त्याहून मोठे संकट काळ्या अक्रोडाच्या लाकडाचे आहे. हे झाड अमेरिकेतले असले तरी त्याचे आयात केलेले लाकूड महागड्या फर्निचरसाठी वापरले जाते. त्याच्या ताज्या भुशावर घोडा नुसता उभा राहिला, तरी काही तासांत पाय सुजून खुराच्या आतल्या थराचा तीव्र दाह होऊ शकतो आणि घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. अंथरुणात असा भुसा पाचव्या हिश्शाएवढा असला तरी तेवढे पुरते.

भाताचे तूस गिरणीत अत्यल्प भावात मिळते, म्हणून अनेकांना त्याचा मोह होतो. त्याच्या पृष्ठभागावर सिलिका असल्याने पाणी त्यात मुरत नाही, तर दाण्यांमधून खाली निथळते. उत्तम उताराच्या जमिनीवर खालचा थर म्हणून ते चालेल. एकट्याने ते ओल धरू शकत नाही. उसाचे पाचट पश्चिम महाराष्ट्रात फुकट मिळते. त्याच्या कडा धारदार असतात आणि मेणचट पानांना पाणी चिकटत नाही, तरीही बारीक कुट्टी करून वरच्या थराला वापरता येते. चिपाड उत्तम शोषते, परंतु त्यातल्या उरलेल्या साखरेमुळे ते लवकर आंबते आणि त्याची बुरशीयुक्त धूळ माणसाच्या फुप्फुसांनाही घातक असते. शिवाय साखर कारखाने आणि गुऱ्हाळे ते जळणासाठी ठेवतात, त्यामुळे त्याच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही.

कोकोपीट दाबलेल्या विटांच्या रूपात येते. पाच किलोची वीट पाण्यात फुलवली की सुमारे ७० लिटर भुसा होतो, पण अंथरुणासाठी ती पाण्यात फुलवायची नसते. कुदळीने फोडून कोरडीच चुरावी, नाहीतर तिची शोषणशक्ती आपणच वापरून टाकतो. माल क्षार धुऊन काढलेला घ्यावा, कारण खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या काथ्याचा भुसा घोडा मिठासाठी चाटत बसतो.

दोन साहित्यांची जोड

सर्वांत मोठी बचत साहित्य जोडीने वापरण्यात आहे. नर घोडा बहुधा ठाणाच्या मध्यभागी लघवी करतो आणि घोडी मागच्या भिंतीजवळ. दोन-तीन दिवस निरीक्षण केले की आपल्या घोड्याची जागा पक्की कळते. तेवढ्याच दोन-अडीच हात जागेत तळाला कोकोपीटचा किंवा कोरड्या भुशाचा चार बोटे थर द्यावा आणि त्यावर सगळ्या ठाणभर काड किंवा पेंढा पसरावा. महागडे साहित्य फक्त गरजेच्या जागी राहते आणि घोड्याला अंगाखाली मऊ काड मिळते. नुसते काड असेल, तर तुडवल्यानंतर वीतभर उरेल इतका थर हवा. नुसता भुसा १० ते १५ सेंटिमीटर आणि रबरी मॅटवर ५ ते ८ सेंटिमीटर पुरतो. भिंतींच्या कडेने अंथरूण थोडे उंच रचावे, म्हणजे लोळताना घोडा भिंतीला अडकून पडण्याची शक्यता कमी होते.

रोज सकाळी घोडा बाहेर काढून लीद उचलावी, ओला गाभा तळापर्यंत उकरून काढावा, कोरडे अंथरूण भिंतींकडे सारून जमीन तासभर उघडी ठेवावी आणि नवे साहित्य घालताना धूळ बसेपर्यंत घोडा आत आणू नये. काम नीट झाले की नाही, हे उभे राहून कळत नाही. अमोनिया जमिनीलगत अधिक साचतो आणि घोड्याचे नाक चरताना व झोपताना तिथेच असते, म्हणून गुडघ्यांवर बसून वास घ्यावा. डोळे चुरचुरले, तर ओला गाभा मागे राहिला आहे. त्यावर चुना टाकणे चुकीचे आहे. चुन्याने अल्कता वाढून अमोनिया आणखी उडतो आणि ताजा चुना खुरांना व त्वचेला भाजतो.

पावसाळ्याची तरतूद मे महिन्यातच करावी. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा हवेत उघड्या शेडमधले काड आठवड्याभरात दमट होते. साठा जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, भिंतीपासून सुटा आणि ताडपत्रीखाली रचावा, पण बाजूंनी वारा खेळता ठेवावा. हिवाळ्यात काही जण जुन्या थरावर नवा थर चढवत जातात. पावसाळ्यात ही पद्धत पूर्णपणे टाळावी. साठ्याजवळ विडी-सिगारेटला सक्त मनाई असावी.

फेकलेल्या अंथरुणाचाही हिशेब धरावा. काड-लिदेचे खत काही महिन्यांत कुजते आणि बटण अळिंबीचे उत्पादक तेच कंपोस्टसाठी वापरतात, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक मिळू शकते. लाकडी भुसा कुजायला फार काळ घेतो आणि अर्धवट कुजलेला शेतात घातला, तर जमिनीतला नत्र ओढून पीक पिवळे पाडतो. तो शेणात किंवा ओल्या हिरवळीत मिसळून, पाणी मारून आणि अधूनमधून उलथून वर्षभर कुजवावा. आजारी घोड्याचे अंथरूण मात्र खतात घालू नये. नाकातून घट्ट स्राव किंवा अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या, तर ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची शंका धरून घोडा वेगळा बांधावा, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना लगेच कळवावे आणि त्यांच्या सूचनेनुसार ते अंथरूण जागेवरच नष्ट करावे.