संक्रांतीचं कार्ड घरी कसं करायचं: आधी पाकीट, मग कार्ड, शेवटी हलवा

लहानपणी संक्रांतीच्या आठवड्यात पोस्टमन आला की आम्ही पाकीट आधी हलवून बघायचो, आत खुळखुळलं म्हणजे तिळगूळ कार्ड. छोटंसं कार्ड, त्याला चिकटवलेली बटर पेपरची पुडी, पुडीत सात-आठ हलव्याचे दाणे आणि वर छापलेलं "तिळगूळ घ्या गोड बोला". दाणे निम्मे फुटलेले असायचे तरी वाटून खायचो. आता सगळ्यांच्या मोबाइलवर तोच एक फोटो फिरत असतो, सकाळी सहापासून, आणि दुपारपर्यंत आपणच डिलीट करत बसतो. म्हणून गेली काही वर्षं मी घरी कार्डं करून पोस्टानं पाठवते, दरवर्षी वीसेक, आणि त्यात जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या सगळ्या माझ्या करून झाल्यात, त्यामुळे हे बिनधास्त वाचा.

पहिली चूक आधीच सांगते. पहिल्या वर्षी मी मस्त चौकोनी कार्डं केली, बारा, रंगवून वगैरे झाल्यावर पाकिटं आणायला गेले तर त्या मापाचं पाकीट कुठल्याच दुकानात नाही. बाराच्या बारा कार्डं कडेनं कापावी लागली आणि दोन पतंगांची शेपटं गेली. तेव्हापासून माझा नियम एकच आहे, आधी पाकीट ठरवायचं, मग कार्ड. बाकीचं सगळं पुढेमागे चालतं.

पाकीट

सगळ्यात सोपं म्हणजे ए-फोर कागदाचं पाकीट घरीच करायचं, कारण ए-फोर सगळीकडे मिळतो आणि गणित बरोब्बर बसतं. ए-फोर म्हणजे २१ बाय २९.७ सेंटीमीटर. कार्डाचा कागद मधोमध कापला की ए-फाइव्ह होतो आणि तो दुमडला की कार्ड होतं १४.८ बाय १०.५ चं, म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढं. एका शीटमधून दोन कार्डं, काही वाया जात नाही.

आता पाकिटाचा ए-फोर उभा धरा. डावीउजवीकडे २.७५ सेंटीमीटर सोडून वरपासून खालपर्यंत दोन रेघा मारा, मधे १५.५ उरतात. मग खालून ११.२ वर एक आडवी रेघ, त्याच्यावर परत ११.२ वर दुसरी, वर ७.३ उरले ते झाकण. आता बाजूच्या ज्या पट्ट्या आहेत ना त्या फक्त मधल्या भागाच्या ठेवायच्या, खालच्या भागाच्या आणि झाकणाच्या पट्ट्या कापून टाकायच्या. मधल्या पट्ट्या आत दुमडा, त्यांच्यावर गोंद लावा, खालचा भाग वर उचलून त्यावर दाबा, झालं पाकीट. कार्डापेक्षा दोन्हीकडून ७ मिलिमीटर मोठं होतं आणि तेवढी जागा लागतेच, हलव्याची पुडी आत असते. साधा झेरॉक्सचा कागद मात्र नको, तो ७०-७५ जीएसएमचा (चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, जास्त म्हणजे जाड) असतो आणि पोस्टात फाटतो, १०० ते १२० चा घ्या. विकतचं पाकीट वापरणार असाल तर आधी पाकीट घरी आणा, पट्टीनं मोजा आणि कार्ड त्याच्यापेक्षा अर्धा सेंटीमीटर लहान करा. अहेराची पाकिटं लांबट असतात, त्यांच्या नादी लागू नका.

कागद आणि घडी

कार्डासाठी काळी कार्डशीट. हो, काळी. शुभेच्छांना काळा रंग कसा असं कोणीतरी म्हणतंच, पण वर्षातून हा एकच सण आहे ज्याला आपण हौसेनं काळं नेसतो, नव्या सुनेला काळी साडी आणि वर पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने, बोरनहाणाला बाळालासुद्धा काळं झबलं. तेच कार्डावर आणायचं, काळ्यावर पांढरे ठिपके. लाल-पिवळ्या कार्डांच्या गठ्ठ्यात असं कार्ड लगेच उठून दिसतं, आणि खरं सांगायचं तर ज्याला चित्र येत नाही त्याच्यासाठी ही सगळ्यात सोपी युक्ती आहे कारण ठिपका कोणालाही काढता येतो.

शीट २०० ते २५० जीएसएमची मागा, त्याहून जाड घेतली तर घडीवर चिरते. हातकागद मिळाला तर छानच, पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे तिथला कागद मी आतल्या पानासाठी वापरते, पण पहिल्यांदा करताना साधी कार्डशीटच बरी, हातकागदावर पेन कधीकधी फुटतं.

घडीकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग कार्ड शाळेतल्या क्राफ्टसारखं दिसतं. जाड कागद नुसता हातानं दुमडायचा नाही. शाई संपलेलं बॉलपेन घ्या, स्टीलची पट्टी ठेवा आणि जिथे घडी हवी तिथे दोनदा दाबून रेघ ओढा. कापायचं नाही, नुसता चर पाडायचा. आता गंमत म्हणजे चर ज्या बाजूला पडलाय ती बाजू घडीच्या बाहेर ठेवायची आणि उलट दिशेला दुमडायचं, बहुतेकजण चराच्या आत दुमडतात. दोन्ही प्रकारे एकेकदा करून बघा म्हणजे फरक दिसेल. आणि कागदालाही कल असतो, शीट हलकेच आडवी वाकवा मग उभी वाकवा, जिकडे कमी जोर लागतो त्या दिशेला समांतर घडी घातली की ती स्वच्छ पडते. मापामुळे कल उलटा आला तर फार मनाला लावून घेऊ नका, चर खोल पाडा.

हे कार्ड आपण भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं वर उघडणारं करतोय, म्हणजे घडी वरच्या लांब बाजूला.

ठिपके

शिसपेन्सिलीची रेघ काळ्यावर चकाकते आणि खोडली तरी दिसते, त्यामुळे चित्र आधी साध्या कागदावर काढा, कागदाच्या मागे पांढरा खडू घासा, तो कार्डावर ठेवून वरून पेन फिरवा. खडूची पुसट रेघ उमटते, नंतर कापसानं निघून जाते.

चित्र काय काढायचं? मी बहुतेक वेळा हलव्याचा हार काढते, कमानीसारखी ठिपक्यांची ओळ, मधे मोठं फूल, दोन बाजूंना लहान फुलं. पहिली संक्रांत असलेल्या मुलीला मंगळसूत्र किंवा बाजूबंद, लहान बाळाला मुकुट आणि बासरी, कारण बोरनहाणाला तेच घालतात. नाहीतर सरळ ठिपक्यांची रांगोळी, त्यात चूक होतच नाही.

पांढरं जेल पेन चालतं पण सुकायला पाचदहा मिनिटं द्या, मी घाईत तळहातानं सगळं फासलंय. त्याहून स्वस्त म्हणजे पांढरा पोस्टर कलर आणि काडेपेटीच्या काडीचं मागचं टोक, रंग दाट ठेवायचा, पाणी जवळजवळ नकोच. लहान ठिपक्याला टूथपिक. एकदा बुडवलं की तीन-चार ठिपके येतात आणि ते आपोआप लहान होत जातात, हाराच्या टोकाला बरोबर तसेच हवे असतात.

उठावदार हवं असेल तर बारीक साबुदाणा. खरा हलवा चिकटवायचा मोह होतो, मी केलाय, फेविकॉलच्या ओलाव्यानं साखर विरघळली आणि उरलेल्याला मुंग्या. साबुदाणा पांढरा राहतो. फेविकॉलचा एवढासा थेंब टूथपिकनं ठेवा, अर्धा मिनिट थांबा, मग चिमट्यानं दाणा. पण अख्खा हार साबुदाण्याचा करू नका, पाकीट फुगतं, फक्त मधल्या फुलाला सात-आठ दाणे पुरे.

आतलं पान आणि उभा राहणारा पतंग

आत काळ्यावर लिहिणं कठीण जातं म्हणून फिकट कागदाचं पान लावायचं, १४.२ बाय २०.४ चं, म्हणजे सगळीकडून तीन मिलिमीटर काळी किनार दिसते. पान मधोमध दुमडा. मुलांना कार्ड पाठवायचं असेल तर इथे पतंग उभा करा. दुमडलेल्या बाजूकडून आत ३ सेंटीमीटर लांबीचे दोन समांतर काप द्या, दोघांत २ सेंटीमीटर अंतर. पान उघडून ती पट्टी आतल्या बाजूला ढकला, पायरी तयार होते. पायरीच्या समोरच्या उभ्या बाजूवर पतंग चिकटवा. पतंग पायरीच्या तळापासून साडेसहा सेंटीमीटरपेक्षा उंच नको, नाहीतर कार्ड मिटल्यावर टोक बाहेर डोकावतं आणि मग सरप्राइज कसलं. आमच्या घरी एकाला मोठाच पतंग हवा होता, तो पोस्टात वाकून पोहोचला.

पतंगाला घोटीव कागद, मधल्या कामटीला केरसुणीची बारीक काडी, शेपटीला साधा शिवायचा दोरा. मांजाचा तुकडा अजिबात वापरू नका, लहान मुलं तो ओढून बघणारच.

आतलं पान बाहेरच्या कार्डाला चिकटवताना फेविकॉल फासायचा नाही, कागद ओला होऊन लाटा येतात. ग्लू स्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, फक्त कडांना, आणि पायरीच्या मागे काहीच लावायचं नाही नाहीतर पतंग उठणार नाही. मग रात्रभर वजनाखाली ठेवा, जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा या कामाला उत्तम.

पुडी

यात तिळाचा लाडू किंवा वडीचा तुकडा घालू नका. मी घातला होता, गुळाला पाणी सुटलं, तिळाचं तेल पसरलं आणि मावशीला पारदर्शक कार्ड मिळालं. ती बिचारी म्हणाली छान होतं गं. कोरडा काटेरी हलवाच घ्यायचा, पांढरा, रंगीत हलव्याचा रंग दमटपणात कागदाला लागतो. बटर पेपर ९ बाय ६ सेंटीमीटरचा कापा, मधे दुमडून ४.५ बाय ६ करा, दोन बाजू टेपनं बंद करा, आठ-दहा दाणे एका थरात पसरून टाका आणि तोंड बंद करा. एकावर एक दाणे आले की फुटतात. पुडी आतल्या खालच्या पानाच्या डाव्या कोपऱ्यात लावा. पतंग आणि पुडी दोन्ही असेल तर लिहायला जागा फार उरत नाही, मी मोठ्यांना पुडी आणि मजकूर, मुलांना पतंग आणि पुडी असं वाटून टाकलंय.

परदेशात पाठवताना पुडी नको. बऱ्याच देशांत खाण्याच्या वस्तू आणि बिया पोस्टात अडवतात, ऑस्ट्रेलियात तर याबाबत फारच कडक आहेत, दसऱ्याला आपट्याचं पानसुद्धा तिकडे पाठवायचं नाही. सिडनीच्या पुतणीला मी पुडी रंगवून पाठवते, आत ठिपक्यांचा हलवा, आणि खाली लिहिते की उरलेला आल्यावर खा.

मजकूर

"तिळगूळ घ्या गोड गोड बोला" लिहाच, पण त्यानंतर एक तरी ओळ त्या माणसापुरती हवी. "आत्या, तुझ्या हातच्या गुळपोळीची वाट बघतेय, यंदा कडेपर्यंत गूळ भर" एवढं पुरतं. वडीलधाऱ्यांना ती. (तीर्थरूप) आणि सा. न. वि. वि. (साष्टांग नमस्कार विनंती विशेष) लिहिलं की ते कार्ड जपून ठेवतात, हा माझा अनुभव. ज्यांच्याशी वर्षभर थोडं वाजलंय त्यांनाही हे कार्ड खपतं, वेगळी माफी मागावी लागत नाही, गोड बोला म्हणजे काय ते दोघांनाही कळतं.

पोस्टात टाकताना

पत्ता पाकिटाच्या मधे, मोठ्या अक्षरात, आणि पिनकोड सगळ्यात ठळक. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो आखला आपल्याच श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, जे संस्कृतात कविताही करायचे, त्यामुळे मराठी माणसानं तरी तो अर्धवट लिहू नये. महाराष्ट्र-गोव्याचा पिन ४ नं सुरू होतो, दुसरा आकडा आला तर परत बघा.

तिकीट उजव्या वरच्या कोपऱ्यात आणि तिथेच शिक्का आपटतात. म्हणून कार्ड आत घालून बोटांनी चाचपा, फुगीर भाग तिकिटाखाली येत असेल तर कार्ड फिरवून घाला, नाहीतर हलव्याचं पीठ पोहोचतं. एक भरलेलं पाकीट पोस्टाच्या खिडकीवर वजन करून घ्या आणि तेवढ्याची तिकिटं सगळ्यांना लावा, अंदाजानं लावू नका. कमी तिकीट लागलं तर समोरच्याला दंड भरून आपल्या शुभेच्छा सोडवाव्या लागतात.

संक्रांत १४ जानेवारीला, कधी १५ ला. मी ५-६ तारखेला टाकते, लांबच्या गावांची त्याआधी. उशीर झालाच तर पाठवायचं सोडू नका, आपलं हळदीकुंकू आणि तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतं.