एनजीसी ३११५ शोधायची माझी पद्धत

एनजीसी ३११५ ही एक दीर्घिका (गॅलक्सी). ती पाहायला मार्चअखेरची अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा, दहाच्या सुमारास. मघा नक्षत्राचा ठळक तारा डोक्याजवळ असतो. हात लांब करून मूठ धरा आणि मघापासून दक्षिणेला दोन मुठी उतरा. ताळा करायचा तर वासुकीतला तांबूस अल्फार्ड तारा पाहा. त्याच्या पूर्वेला जेमतेम एक मूठ. दोन्ही रेषा मिळतात तिथे ही दीर्घिका.

माझी आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे. आधी २५ मिमीची नेत्रिका (डोळा लावायचे भिंग) लावून तो भाग हळूहळू चाळायचा. शेपटी दोन्हीकडे निमुळती झालेला, मधे फुगीर असा ठिपका दिसला की थांबा. चातीच म्हणा ना! मग १० मिमी लावा. गाभा ताऱ्यासारखा टोकदार होतो.

पहिल्या वर्षी मी हिच्यात सर्पिल भुजा शोधत डोळे दुखवून घेतले. त्या नाहीतच. ही भिंगाकार, म्हणजे एस-शून्य प्रकारची: तबकडी आहे, पण नवे तारे घडवायला लागणारा वायू आणि धूळ जवळजवळ संपलेली. म्हणून तारे बहुतांशी म्हातारे, पिवळसर. ती आपल्याला कडेने दिसते. अंतर सुमारे ३.२ कोटी प्रकाशवर्षे, दृश्यप्रत (तेजस्वितेचे माप; आकडा मोठा तितकी वस्तू मंद) साधारण ९. गाभ्यात अब्जावधी सूर्यांएवढ्या नाही तरी अब्जाच्या घरातल्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे.

खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्षेलने ती १७८७ साली टिपली. मोबाइल मात्र खिशात ठेवा, डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटे लागतात.