नांगर टाकून रात्री झोप लागायची असेल तर

आमची होडी साडेनऊ मीटरची, सामानसुमान भरलं की वजन पाच टनांच्या आसपास. सुकाणूवर नवरा आणि पुढे नांगरावर मी, ही वाटणी गेली अकरा वर्षं चालू आहे. त्यामुळे पुढे जे लिहिलंय ते साखळीला हात लावणाऱ्या माणसाने लिहिलंय असं समजून वाचा. सुकाणूवाल्यांची मतं वेगळी असतात.

आपल्या भाषेने होडीच्या नांगराला शेतातल्या नांगराचंच नाव दिलंय, आणि ते अगदी नेमकं आहे. नांगर धरतो तो फाळ जमिनीत रुतल्यामुळे, स्वतःच्या वजनावर नाही. नवशिक्याला हे पटायला वेळ लागतो. पंधरा किलोचं लोखंड पाण्यात उतरलं की जेमतेम तेरा किलोचं राहतं. जोराचा वारा सुटला की पाच टनांची होडी त्याला काही शे किलोंच्या ताकदीने ओढते. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. म्हणजे १५ नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) शांत उभी असलेली होडी ३० नॉटला काय करेल याचा अंदाज दुपारच्या निवांतपणावरून बांधू नका.

खरेदीची गोष्ट आधी उरकते, कारण लोक नांगर निवडण्यात महिने घालवतात आणि टाकण्यात तीन मिनिटं. प्रमाण उलटं असायला हवं.

डॅनफोर्थ जातीचा नांगर सपाट, दोन रुंद फाळांचा. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्याला लागणाऱ्या लष्करी बोटींवर तो सर्रास वापरला गेला. वाळूत आणि चिखलात तो वजनाच्या मानाने जबरदस्त धरतो, पण वारा फिरला की उखडू शकतो. फाळांमध्ये एखादा दगड किंवा शिंपला अडकला तर पुन्हा रुततच नाही. म्हणून आम्ही तो दुसरा नांगर म्हणून ठेवलाय, हलक्या ॲल्युमिनियमचा, मागच्या कप्प्यात. सीक्यूआर हा बिजागरीचा, दिसायलाही शेतातल्या फाळासारखा. १९३३ साली तो काढला जी. आय. टेलर यांनी, म्हणजे द्रवांच्या प्रवाहाचं गणित मांडणाऱ्या त्याच शास्त्रज्ञाने, आणि तोही पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी. जुन्या होड्यांवर तो अजून दिसतो. ब्रूस हा तीन बोटांच्या पंजासारखा, १९७० च्या दशकातला, समुद्रातून तेल काढणाऱ्या फलाटांच्या कामातून आलेला. तो पटकन लागतो, पण तेवढ्याच वजनाच्या नव्या नांगरांइतका धरत नाही. डेल्टा म्हणजे बिजागरी काढून टाकलेला फाळ.

आज नवा घ्यायचा तर मी खोलगट फाळाच्या पिढीतलाच घेईन. रोकनाच्या पाठीवर लोखंडी कमान असते. नांगर तळावर कसाही पडला तरी ती त्याला लोळवून टोकावर आणते. स्पेडला कमान नाही, त्याच्या टोकात शिसं भरलेलं असतं, काम तेच. कमानवाला घेण्याआधी मात्र मोजमाप करा. आम्ही पुठ्ठ्याचा नांगर कापून पुढच्या रोलरवर, म्हणजे टोकावरच्या ज्या चाकावरून साखळी खाली जाते त्यावर, बसवून पाहिला, तर कमान कठड्याच्या नळीला अडत होती. पुठ्ठा कापून दुसरा करता येतो, लोखंड परत करायला जावं लागतं.

आकाराचं म्हणाल तर कंपनीच्या तक्त्यात तुमच्या लांबीसमोर जो असेल त्याच्या वरचा घ्या. आमच्या होडीला १५ किलो सांगितलेला आहे, आम्ही २० चा लावलाय. तक्ता किती वाऱ्यासाठी बनवलाय ते बारीक अक्षरात असतं, ते आधी वाचा.

साखळी किती, यावर आमच्या घरात दोन वर्षं वाद झाला. ८ मिलिमीटरची साखळी मीटरला सुमारे १.४ किलो भरते, म्हणजे ५० मीटर झाली की ७० किलो, आणि हे सगळं होडीच्या सर्वांत पुढच्या टोकात. छोट्या होडीचं नाक त्याने लाटेत बुडायला लागतं. शेवटी ३० मीटर साखळी आणि पुढे ४० मीटर १४ मिलिमीटरचा नायलॉनचा दोर यावर तह झाला. साखळी खडकावर घासून तुटत नाही आणि तळाशी पडून ओढ आडवी ठेवते. पण सोसाट्याच्या वाऱ्यात तिचा सगळा झोळ निघून ती तारेसारखी ताणली जाते, तेव्हा तिच्या वजनावर भिस्त ठेवू नका.

दोन बारीक गोष्टी. शॅकलचा, म्हणजे नांगर आणि साखळी जोडणाऱ्या कडीचा, खिळा पूर्ण आवळून त्याच्या भोकातून स्टीलची तार घालून पिळा, नाहीतर तो फिरत फिरत सुटतो. आणि साखळीचं किंवा दोराचं आतलं शेवटचं टोक कप्प्यातल्या कडीला लोखंडाने जोडू नका. मजबूत दोरीने बांधा, आणि ती डेकपर्यंत येईल इतकी लांब ठेवा. जीव घेऊन पळायची वेळ आली तर ती सुरीने कापता आली पाहिजे.

आता मुख्य भाग, किती सोडायची. नियम सोपा आहे: खोलीच्या पाचपट साखळी, दोर जास्त असेल तर सातपट. दुपारी दोन तास थांबायचं असेल, वारा नसेल आणि कुणीतरी होडीवर जागं असेल तर तिप्पट चालते. सगळी गडबड ‘खोली’ या शब्दात आहे. खोली म्हणजे भरतीच्या टोकाला असणारी खोली, आणि त्यात पाण्यापासून पुढच्या रोलरची उंचीही धरायची.

हे मी शिकले त्या रात्री आम्ही ओहोटीला पोचलो होतो. खोली ३ मीटर. रोलर १.२ मीटर वर. मी २० मीटर साखळी सोडली आणि मनात हिशेब केला: सव्वाचार गुणिले पाच, जवळपास एकवीस, झालं. भरती २.८ मीटर होती, ती मी तक्त्यात वाचलीही होती, पण हिशेबात घेतली नाही. मध्यरात्रीनंतर तीच २० मीटर साखळी ७ मीटरवर उभी होती, म्हणजे तिप्पटही नाही. अडीच वाजता वारा वाढला. मला जाग आली ती आवाजाने: साखळीतून एक जाडसर घरघर येत होती, कुणीतरी तळावरून फर्निचर ओढत न्यावं तशी. बाहेर आले तर किनाऱ्यावरचा जो दिवा झोपताना डोलकाठीच्या डावीकडे होता, तो उजवीकडे गेला होता. पाहिजे होती ३५ मीटर: ३० साखळी आणि ५ दोर. दोन्ही कप्प्यातच होते.

खोलीमापकाचा आकडाही तपासून घ्या. काही पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतात, काही होडीच्या तळापासून. तळापासून मोजणाऱ्याने ३ दाखवले तर खरी खोली साडेचार असू शकते. साखळीवर खुणा करताना रंगापेक्षा कड्यांत ओवलेल्या रंगीत फिती बऱ्या. रंग एका हंगामात उडतो. आमच्या साखळीवर दहाला एक लाल, वीसला दोन, तीसला तीन. अंधारात बोटांनी चाचपूनही मोजता येतात.

जागा निवडताना नकाशावर तळाचं अक्षर बघा: एस म्हणजे वाळू, एम म्हणजे चिखल, आर म्हणजे खडक, डब्ल्यूडी म्हणजे वनस्पती. वाळू आणि घट्ट चिखल उत्तम. गवतावर नांगर नुसता घसरतो आणि गवताचा पुंजका उपटून आणतो. नांगराचंही नुकसान, समुद्राचंही. भूमध्य समुद्रातल्या बॅलेरिक बेटांवर पोसिडोनिया गवतावर नांगर टाकायला कायद्याने बंदी आहे. प्रवाळावर टाकायचा प्रश्नच नाही. पाणी स्वच्छ असेल तर फिकट रंगाचा वाळूचा तुकडा वरून दिसतो, त्याच्या मधोमध टाका. मग आपल्या होडीचा घेर डोळ्यांसमोर आणा: वारा रात्रीत पूर्ण उलटा फिरला तर आपण कुठे जाऊन उभे राहू? शेजारची होडी दोरावर असेल तर ती आपल्यापेक्षा जास्त भटकते. जो आधी आलाय त्याचा घेर आधी मोजायचा, हा समुद्रावरचा शिष्टाचार आहे.

टाकायची रीत अशी. वाऱ्याकडे तोंड करून अगदी हळू या आणि ठरलेल्या जागी होडी पूर्ण थांबवा. होडी पुढे सरकत असताना नांगर सोडला तर साखळी त्याच्यावरच पडते आणि फाळात अडकते. नांगर तळाला लागेपर्यंत सोडा, मग थांबा. वारा होडीला मागे नेऊ लागला की तिच्या वेगाने साखळी देत जा, ढीग करू नका. निम्मी गेली की क्षणभर रोखा, होडीचं तोंड वाऱ्याकडे ओढलं जातं का बघा, मग उरलेली द्या.

सगळी गेली की लगेच इंजिन जोरात मागे घेऊ नका. मऊ चिखलात तर पंधरा-वीस मिनिटं नांगराला बसू द्या. मग इंजिन मागे, आधी अगदी हळू, मग थोडं थोडं वाढवत निम्म्यापेक्षा जास्त, आणि अर्धा मिनिट तसंच. या वेळी मी वाकून रोलरच्या पुढे साखळीवर तळवा ठेवते. बोटं गुंडाळायची नाहीत, फक्त तळवा. नांगर रुतलेला असेल तर साखळी ताणून कडक होते आणि हाताला काहीच जाणवत नाही. घसरत असेल तर थरथर येते, किंवा एक हिसका, मग ढिली, मग पुन्हा हिसका. हाताला कळतं ते कुठल्याही यंत्राच्या आधी कळतं. त्याच वेळी बाजूला किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, समजा एक झाड आणि त्यामागचा खांब. इंजिन चालू असताना ती रेष मोडली नाही तर नांगर लागला. मोडली तर उचला आणि पुन्हा टाका. तिसऱ्या वेळीही लागला नाही तर ती जागा सोडा. लोक बघत असतात, बघू द्यात.

हे सगळं हातवाऱ्यांनी करा. पुढे, मागे, थांब, डावीकडे, उजवीकडे: पाच खुणा पुरतात. वाऱ्यात ओरडून समोरच्याला काही ऐकू जात नाही, फक्त शेजारच्या होड्यांचं मनोरंजन होतं.

नुसत्या साखळीवर असाल तर ताण विंडलासवर ठेवू नका, ते उचलायचं यंत्र आहे, बांधायचं नव्हे. आठ-दहा मीटर लांबीचा, १२ मिलिमीटरचा पिळाचा नायलॉन दोर आकडीने साखळीत अडकवा, क्लीटला, म्हणजे डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीला, बांधा आणि साखळी थोडी ढिली सोडा. याला स्नबर म्हणतात. हिसके तो ताणून खातो आणि साखळीचा आवाजही केबिनमध्ये येत नाही. जिथे तो घासतो तिथे जुन्या पाण्याच्या पाइपचा तुकडा चढवा. दोर बाहेर असेल तर स्नबर लागत नाही, पण पाइप तेव्हाही लागतो.

दिवसा पुढे काळा गोळा, रात्री सगळीकडून दिसणारा पांढरा दिवा. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत हे स्पष्ट आहे. सात मीटरपेक्षा लहान होड्यांना वर्दळीपासून दूर असताना सूट आहे, पण मी तरी लावलाच असता.

फोनवर नांगराचा अलार्म (होडी ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली की वाजणारा) लावताना जागेची खूण नांगर तळाला लागला त्या क्षणी करा. नंतर कॉकपिटमध्ये बसून केली तर वर्तुळाचं केंद्र तीस मीटरने चुकतं आणि होडी फिरली की अलार्म उगाच बोंबलतो. दोनदा उगाच बोंबलला की तिसऱ्यांदा तुम्ही तो बंद कराल.

नांगर घसरू लागलाच तर मागे जागा असेल तोपर्यंत आधी आणखी दोर सोडा, खूपदा तेवढ्याने थांबतो. नाही थांबला तर इंजिन सुरू करा, नांगर उचला आणि नव्याने टाका. त्या रात्री आम्ही हेच केलं, आणि दुसऱ्या खेपेला उजाडेपर्यंत हललो नाही. अंधारात घाईघाईने दुसरा नांगर फेकायचा मोह होतो. त्यातून बहुतेक वेळा दोन दोरांचा एक गुंता तयार होतो.

उचलताना होडी इंजिनने हळूहळू नांगराकडे न्या आणि विंडलासने फक्त ढिली साखळी गोळा करा. साखळी उभी झाली की ती बांधून टाका आणि लाटांना काम करू द्या: होडी वर उचलली गेली की फाळ सैल होतो. तरी नाही निघाला तर इंजिन थोडं पुढे. तळ खडकाळ असेल असं वाटलं तर टाकायच्या आधीच नांगराच्या पाठीला पातळ दोरी बांधून वर बोया सोडा, म्हणजे अडकलेला नांगर उलट्या बाजूने ओढून काढता येतो.

वर आल्यावर चिखल वाळायच्या आत बादली आणि ब्रश. पण धुण्याआधी मी फाळाच्या टोकावर काय चिकटलंय ते बोटाने काढून बघते आणि वहीत लिहिते. मागच्या वेळची नोंद अशी आहे: ‘राखाडी, चिकट चिखल, बारीक शिंपले. भरतीला ६ मीटर. ३० साखळी, ५ दोर. पहिल्याच वेळी लागला. पुन्हा यायला हरकत नाही.’