व्हेपचं लिक्विड घरी बनवायचंय? पहिली बाटली एकाच फ्लेवरची करा

माझ्या पहिल्या बाटलीत पाच फ्लेवर होते. थेंब मोजून घातले, कशाचे किती ते लिहून ठेवलं नाही, आणि चव इतकी जमली की पुढचा महिनाभर मी तीच पुन्हा आणायच्या मागे लागलो. ती काही आली नाही. नवीन माणूस विचारायला आला की मी म्हणूनच आधी दोन गोष्टी घ्यायला सांगतो: वजनकाटा आणि वही. बाकीचं नंतर.

त्याआधी थोडं मनापासून. मी सोळा वर्षं सिगरेट ओढली आणि व्हेपवर, म्हणजे ई-सिगरेटवर, आल्यावर ती सुटली. जो मुळात ओढतच नाही, त्याने या वाटेला येऊ नये. आणि तुम्ही राहता तिथला कायदा आधी बघा. भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगरेट बनवणं, विकणं, आयात करणं, साठवणं सगळंच बंद आहे. युरोपीय संघात विक्री चालते, पण निकोटिन एका मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या वर नाही. जिथे मनाई आहे तिथे हे करू नका.

लिक्विडचा पाया दोन पदार्थांचा: प्रोपिलीन ग्लायकॉल आणि भाजीजन्य ग्लिसरीन. सगळे त्यांना पीजी आणि व्हीजीच म्हणतात. पीजी पातळ असतो, चव नीट पोचवतो आणि घशाला थोडा लागतो. व्हीजी घट्ट, किंचित गोड, वाफ दाट करणारा. छोट्या पॉडला (लहान, कमी ताकदीच्या व्हेपला) निम्मं-निम्मं बरं पडतं, मोठ्या कॉइलच्या (लिक्विड तापवणाऱ्या तारेच्या) टँकला, म्हणजे लिक्विड भरायच्या टाकीला, 70 टक्के व्हीजी. दोन्ही औषधी दर्जाचेच घ्या. ग्लिसरीन किंवा पीजीमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल भेसळ होऊन औषधाच्या सिरपने माणसं दगावलेली आहेत. इथे पैसे वाचवायला जाऊ नका.

फ्लेवरच्या बाबतीत मात्र मी अजिबात सूट देत नाही. तेल नको. कसलंच नको: सुगंधी तेल नको, तेलात बनवलेला इसेन्स नको, ‘नैसर्गिक आहे’ म्हणून पुदिन्याचा अर्क असलेलं तेलही नको. तेल फुप्फुसात गेलं की तिथे सूज धरते आणि तो न्यूमोनिया साध्या सर्दीसारखा बरा होत नाही. 2019 मध्ये अमेरिकेत व्हेप करणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या आजाराची लाट आली. त्यातल्या बहुतेकांनी गांजातल्या टीएचसीची लिक्विडं ओढली होती, आणि त्यांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेट या तेलकट पदार्थाशी त्या आजाराचा घट्ट संबंध दिसला. साखर, मधही नको, कॉइलवर जळून कोळसा होतो. व्हेपसाठी म्हणून विकले जाणारे, पीजीत विरघळवलेले फ्लेवरच घ्या.

त्यातही लोण्यासारखी, कस्टर्डसारखी चव असेल तर त्यात डायॲसिटिल किंवा ॲसिटिल प्रोपिओनिल आहे का ते उत्पादकाच्या माहितीपत्रकात बघा. मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांना डायॲसिटिलच्या वाफेने फुप्फुसाचा बरा न होणारा आजार झाला होता. तोच पदार्थ खाण्यात चालतो. खायला चालतं ते श्वासात ओढायला चालेलच असं नाही, हे डोक्यात पक्कं बसवा. माहितीपत्रक मिळत नसेल तर तो फ्लेवर मी घेत नाही.

आता काटा. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. सिरिंजनेही मोजता येतं, पण व्हीजी सिरिंजमध्ये ओढताना हात दुखतो, बुडबुडे येतात, आणि शेवटी धुण्याचा पसारा. काट्यावर बाटली ठेवायची, आकडा शून्यावर आणायचा, ओतायचं, पुन्हा शून्य, पुढचं ओतायचं. इतकंच. फक्त एक लक्षात ठेवा, मिलिलिटर म्हणजे ग्रॅम नव्हे. एक मिलिलिटर पीजीचं वजन सुमारे 1.04 ग्रॅम, व्हीजीचं 1.26.

समजा 30 मिलिलिटर करायचंय, 70 टक्के व्हीजी, 6 टक्के स्ट्रॉबेरी, निकोटिन नाही. व्हीजी 21 मिलिलिटर, म्हणजे 26.46 ग्रॅम. पीजीचा वाटा 9 मिलिलिटर, पण फ्लेवरचे 1.8 मिलिलिटर पीजीतच आहेत, ते वजा केले की उरतात 7.2, म्हणजे साधारण 7.49 ग्रॅम. फ्लेवरचं वजन मी सरळ मिलिलिटरला एक ग्रॅम धरतो, 1.8 ग्रॅम. आधी फ्लेवर, मग पीजी, शेवटी व्हीजी. फ्लेवर जास्त पडला तर तेव्हाच टाकून देता येतो, बाकी माल वाया जात नाही. व्हीजीची धार मात्र जपून. शेवटच्या अर्ध्या ग्रॅमला बाटली उभी करत आणा, कारण धार तुटायच्या आत आकडा पुढे पळतो.

झाकण लावून दोन-तीन मिनिटं जोरात हलवा. आतलं पांढुरकं दिसेल, ते बुडबुडे असतात, तासाभरात निवळतात. फळांचे फ्लेवर दोन दिवसांत तयार. कस्टर्ड, व्हॅनिला, तंबाखूसारखे मात्र दोन ते चार आठवडे अंधारात मुरू द्यावे लागतात. व्हॅनिला मुरताना पिवळसर-तपकिरी होतो, घाबरू नका.

चव फिकी लागली तर हात लगेच फ्लेवरकडे जातो. थांबा. माझी स्ट्रॉबेरी 6 टक्क्यांना फिकी वाटली म्हणून मी ती 15 वर नेली, आणि हाती आली ती प्लास्टिकसारखी कडवट चव. एका मर्यादेपुढे फ्लेवर खुलत नाही, उलट दबतो. एकच फ्लेवर 3, 6 आणि 9 टक्क्यांना दहा-दहा मिलिलिटर करून बघा आणि वहीत तारखेसह लिहा. दालचिनीचा फ्लेवर असेल तर काचेचा टँक वापरा, प्लास्टिकच्या टँकला तडे जातात. आणि तो घशाला, फुप्फुसाला फार लागतो, कमीच घ्या.

निकोटिन पहिल्या दोन-चार बाटल्यांत नकोच. हिशोब हातात बसू द्या. नंतर घ्याल तेव्हा मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमचाच बेस (पीजी किंवा व्हीजीत विरघळवलेलं निकोटिन) घ्या, त्याहून तीव्र घरात आणू नका. 30 मिलिलिटरच्या बाटलीत दर मिलिलिटरला 3 मिलिग्रॅमची तीव्रता हवी, तर 90 मिलिग्रॅम निकोटिन लागतं, म्हणजे त्या बेसचे 4.5 मिलिलिटर. बेस पीजीतला असेल तर तेवढा पीजी कमी करा: 7.2 ऐवजी 2.7. नायट्रिलचे हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, कातडीवर सांडलं तर लगेच साबण-पाण्याने धुवा. निकोटिन कातडीतून आत जातं. मळमळ, गरगरणं, धडधड सुरू झाली तर वाट न बघता डॉक्टर गाठा.

लहान मूल किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरात ही बाटली कुलपातच. स्ट्रॉबेरीचा वास येणारी, रंगीत झाकणाची बाटली मुलाला खाऊच वाटणार, आणि थोडंसं पोटात गेलं तरी जिवावर बेतू शकतं. माझ्याकडे कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात बेस, प्रत्येक बाटलीवर लेबल: नाव, टक्के, निकोटिन किती, तारीख. किल्ली माझ्याच जुडग्यात असते.